शब्दाला दोन रुपये

टाउन हॉलच्या झाडांवर वटवाघळं उलटी लोंबत होती
आणि आत मी पाट्यांचं मराठी करत होते,
शब्दाला दोन रुपये,
आकडे आणि नावं धरायची नाहीत असं ठरलेलं.

प्रदर्शन अकरा खोक्यांतून आलं.
विषय: युरोपातल्या जुन्या जगजत्रांमधली पूर्व.
मी 'पौर्वात्यवाद' लिहिलं, मोठ्यानं वाचून बघितलं.
शिपाई दळवीमामा म्हणाले, इंग्रजीत काय म्हणत्यात त्याला?
ओरिएंटल, असं काहीतरी, मी म्हटलं.
"ती इम्याची कंपनी की!"
शब्द तसाच ठेवला. दोन रुपये झाले.

पॅरिसात उभारलेला कैरोचा रस्ता.
गाढवं खरी, कैरोहून नेलेली.
भिंती नव्या,
पण जुन्या दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर
मळसुद्धा रंगवून काढलेला.
शेजारच्या फोटोत एक राजवाडा मागून दिसतो:
वासे, खिळे, तरट,
आणि सावलीला एक सुतार भाकरीसारखं काहीतरी खातोय.
'पॅव्हेलियन'ला मी 'देखावा' लिहिलं.
क्युरेटर मॅडम म्हणाल्या, हा गणपतीतला शब्द आहे.
म्हटलं, म्हणूनच.
आमच्या गल्लीच्या मंडळानं एका वर्षी कापसाचा हिमालय केला होता,
पुढल्या वर्षी आफ्रिका.
पोरांनी अंगाला काजळी फासलेली, कमरेला केळीची पानं,
भोंग्यावर ढोल.
मी पहिल्या रांगेत होते. टाळ्या वाजवल्या होत्या.
हे मॅडमना सांगितलं नाही.

फोटो क्रमांक एकतीस, लंडन.
चाकापाशी बसलेला माणूस, मुंडासं, उघडी छाती,
दोरीपलीकडं टोप्या आणि छत्र्या.
खाली: नेटिव्ह कुंभार, काम करताना.
नाव नाही. म्हणजे बिलातून वजा करायलाही काही नाही.
'स्थानिक' म्हणावं, तर लंडनात तो स्थानिक कुठला?
'देशी' म्हटलं की कोंबडी, नाहीतर दारू.
'इथला' लिहिलं. मग 'तिथला' केलं.
मग दोन्ही खोडलं.
खोडलेल्याचे पैसे मिळत नाहीत.

तेवढ्यात बापट कँपातून अनसाक्का आरेकर आल्या,
मागं त्यांचा रंगराव, रिक्षातून चाक उतरवत.
उद्घाटनाला 'प्रात्यक्षिक' ठेवलेलं.
चाकाची जागा ठरलेली. भोवती पितळी खांब, खांबांना
लाल मखमली दोरी.
"ही कशाला?" अनसाक्का म्हणाल्या.
लोकांनी फार जवळ येऊ नये म्हणून, मॅडम म्हणाल्या.
"माती काय चावती व्हय?"

मग त्या एकतीसपाशी थांबल्या. चष्मा पुसला. पुन्हा थांबल्या.
"ह्यो कुंभार न्हवं."
मॅडम हसल्या, समजुतीनं.
"आवं, पाणी कुठाय? पाण्याचं भांडंच न्हाई शेजारी.
बाईनं चाकाला हात लावायचा नसतो आमच्यात,
पर साठ वर्सं पाणी मीच भरलंया त्येच्या बाजूला.
आणि ह्येचा अंगठा बघा. दोरा धरल्यागत.
इणकर असंल, न्हाईतर कुणी बी. बशिवलाय त्येला."
थोड्या वेळानं, जरा हळू:
"बसलाय मातुर नीट. काय सांगितलं असंल त्येला कुणास ठाव."

मी पाटी लिहिली:
चाकापाशी बसवलेला माणूस.
चाक कोरडं आहे, असं अनसूया आरेकर यांचं म्हणणं.
मॅडमनी दोनदा वाचलं.
'बसवलेला' हाही गणपतीतलाच शब्द, म्हणाल्या,
आणि पुरावा काय, आणि यादीत तर कुंभार लिहिलंय.
शेवटी पाटी लागली, जरा लहान अक्षरांत.
अनसाक्कांचं नाव बिलात धरलं नाही. ते ठरलेलंच होतं.

उद्घाटनाला रंगरावनं चाक फिरवलं.
पाहुणे दोरीशी वाकले, मोबाईल वर झाले.
मीही काढला एक फोटो.
पाच सुगडी झाली, सहावं बसकं निघालं, लोक हसले.
अनसाक्कांनी पाण्याची घागर आत सरकवली,
हात पुसले,
आणि मातीचं ओलं फडकं
त्या मखमली दोरीवर वाळत घातलं.
भाषणं संपेपर्यंत ते ठिबकत होतं.
दळवीमामा काढायला निघाले होते,
मी म्हटलं, ऱ्हाऊ दे.